ट्रेलरला इंजिन नाही, मग त्याला धुराचा नियम कशाला?

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला राहणारा माझा मावसभाऊ सुट्टीत आय-5 महामार्गाने लॉस एंजेलिसला निघाला होता. वाटेत जेवायला थांबला तेव्हा त्याचा मेसेज आला. "दादा, इथे एकाच रस्त्यावर कारला 70 आणि ट्रकला 55 अशा पाट्या आहेत, हे कसं काय? आणि शेजारच्या टेबलावरचा ड्रायव्हर सांगत होता की ट्रेलरलासुद्धा प्रदूषणाचे नियम लागतात. अरे, ट्रेलर म्हणजे चाकांवरचा डबा. त्याला इंजिनच नाही, तर धूर येणार कुठून?"

दुसरा प्रश्न भाबडा नाही. तो अमेरिकेत केंद्रीय न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे त्याने एका नियमाचा अख्खा भाग पाडला. पहिल्या प्रश्नावर तर पन्नास वर्षं भांडण चालू आहे. 2025 च्या उन्हाळ्यात दोन्ही विषय पुन्हा पेटले. केंद्र सरकारने ट्रकना सक्तीने वेगमर्यादक बसवण्याचा जुना प्रस्ताव मागे घेतला आणि त्याच सुमारास कॅलिफोर्नियाचे स्वतःचे धूरनियम मोडून काढायला काँग्रेसने ठराव केले. बातम्या वाचल्या तर वेगाचा विषय एका पानावर आणि धुराचा दुसऱ्या पानावर दिसतो. मला मात्र हे दोन्ही विषय एकच वाटतात, आणि ते एकत्र ठेवूनच नीट समजतात.

आधी गाडीची ओळख

अमेरिकेत लांब पल्ल्याचा ट्रक म्हणजे दोन वेगळ्या वस्तू. पुढे इंजिन आणि केबिन असलेलं डोकं, त्याला तिथे ट्रॅक्टर म्हणतात. शेतातला ट्रॅक्टर डोळ्यांसमोर आणू नका. मागे जोडलेला लांबलचक डबा म्हणजे ट्रेलर. सर्वांत जास्त दिसणारा डबा 53 फुटांचा असतो. दोन्ही मिळून मालासकट वजनाची सर्वसाधारण केंद्रीय मर्यादा 80,000 पौंड, म्हणजे 36 टनांहून थोडं जास्त.

ट्रॅक्टर आणि ट्रेलरचा मालक एकच असेल असं नाही. ट्रॅक्टर एखाद्या छोट्या गाडीमालकाचा, तो स्वतःच चालवणारा. डबा एखाद्या मोठ्या कंपनीचा. आतला माल तिसऱ्याचाच. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

आकड्यांचं एक परिमाण सांगून ठेवतो. तिथे वेग मैलांत मोजतात. 55 मैल म्हणजे ताशी साधारण 88 किलोमीटर, 70 म्हणजे 112 आणि 75 म्हणजे 120. यापुढे मी मैलच वापरतो.

वारा किती महाग पडतो

एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून वाहकाची बोलणी आपण सगळ्यांनीच खाल्ली आहेत. गाडी गावातून हळू जात असते तेव्हा वारा हाताला नुसता गुदगुल्या करतो. तीच गाडी हायवेला लागली की हात मागे फेकला जातो. वेग दुप्पट झाला तर वाऱ्याचा जोर चौपट होतो, कारण हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो.

आता हाताच्या जागी साडेआठ फूट रुंद आणि साडेतेरा फूट उंच अशी भिंत कल्पून बघा. तिला 55 ने ढकलायला जेवढा जोर लागतो, त्याच्या 1.86 पट जोर 75 ने ढकलायला लागतो. हायवेच्या वेगाला ट्रकच्या चाकांपर्यंत पोचलेल्या शक्तीतला साधारण अर्धा वाटा केवळ हवा बाजूला सारण्यात जातो. उरलेल्यातला मोठा भाग टायर खातात.

ड्रायव्हर लोक हे वेगळ्या तऱ्हेने सांगतात. त्यांचा ठोकताळा असा की 55 च्या वर प्रत्येक एका मैलाला गाडीचं अॅव्हरेज गॅलनमागे 0.1 मैलाने उतरतं. समजा, 55 ने चालताना गॅलनला साडेसात मैल पडतात, तर 65 ने साडेसहा पडतील. 600 मैलांच्या फेरीला पहिल्या वेगाने 80 गॅलन डिझेल लागेल आणि दुसऱ्याने 92. बारा गॅलनचा, म्हणजे जवळजवळ 45 लिटरचा फरक. तेवढं डिझेल जळलं नाही म्हणजे त्याचा धूरही झाला नाही. वेगाची पाटी ही म्हणूनच धुराचीही पाटी असते, तिच्यावर तसं लिहिलेलं नसलं तरी.

55 हा आकडा आला कुठून

तो सुरक्षिततेतून आलेलाच नाही. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल अडवलं. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. जानेवारी 1974 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी देशभर कमाल 55 मैलांचा कायदा सही केला, हेतू इंधन वाचवण्याचा. त्या हिवाळ्यात स्वतःची गाडी चालवणाऱ्या ट्रकमालकांनी महागडं डिझेल आणि हा नवा वेग, दोन्हींविरुद्ध रस्ते अडवले, संप केले. पोलीस कुठे उभे आहेत ते एकमेकांना सांगायला सीबी रेडिओ, म्हणजे गाडीतून आपापसांत बोलायचा वायरलेस, घरोघरी पोचला तोही याच काळात.

1987 मध्ये गावाबाहेरच्या महामार्गांवर 65 ची मुभा मिळाली आणि 1995 मध्ये केंद्राने वेगाचा विषय पूर्णपणे राज्यांच्या हवाली केला. कॅलिफोर्नियाने कारचा वेग वाढवला, पण तीन किंवा अधिक आसांच्या ट्रकना आणि मागे काही ओढत नेणाऱ्या कुठल्याही गाडीला 55 वरच ठेवलं. इतर राज्यांनी आपापल्या मर्जीने आकडे ठरवले. आज ट्रकला वॉशिंग्टन राज्यात कमाल 60, मिशिगनमध्ये 65, माँटानात 70. टेक्सासमध्ये ट्रक आणि कार यांत फरक नाही, आणि तिथल्या 130 क्रमांकाच्या टोल रस्त्याच्या एका पट्ट्यावर 85 ची पाटी आहे.

आपल्याकडे एक्सप्रेसवेवर मालवाहू गाडीला ताशी 80 किलोमीटरची कमाल मर्यादा केंद्राने ठरवली आहे. राज्यं ती कमी करू शकतात, वाढवू शकत नाहीत. अमेरिकेत वर असं छत्रच नाही.

पुलाच्या अलीकडे 75, पलीकडे 55

आय-40 महामार्ग अॅरिझोनातून पश्चिमेला येतो आणि टोपॉक नावाच्या ठिकाणी कोलोरॅडो नदी ओलांडतो. अलीकडच्या काठावर 75 ची पाटी, पलीकडे कॅलिफोर्निया. पूल संपला की ट्रकला 55. पुढे नीडल्स गावापाशी शेतमालाची तपासणी होते, आणि मग लॉस एंजेलिसपर्यंत साधारण 260 मैलांचं वाळवंट. हे अंतर 70 ने कापलं तर पावणेचार तास, 55 ने कापलं तर पावणेपाच.

हा एक तास ड्रायव्हरला का टोचतो ते समजायला त्याचं घड्याळ बघावं लागतं. केंद्रीय नियमानुसार सलग दहा तास विश्रांती घेतल्यावर त्याला जास्तीत जास्त 11 तास गाडी चालवता येते, आणि तेसुद्धा काम सुरू केल्यापासून 14 तासांच्या आत. डिसेंबर 2017 पासून हे घड्याळ इंजिनाला जोडलेल्या यंत्रात चालतं. वहीत खाडाखोड करून तास लपवण्याचे दिवस गेले. गोदामात माल उतरवायला तीन तास ताटकळत बसावं लागलं तरी 14 तासांचं घड्याळ थांबत नाही. मग गेलेला वेळ भरून काढायला ड्रायव्हरच्या हातात एकच गोष्ट उरते, अॅक्सिलरेटर.

आणि तिथेच कायदा त्याला पकडतो. व्यावसायिक परवाना असलेल्या ड्रायव्हरने मर्यादेपेक्षा 15 मैल किंवा त्याहून जास्त वेग घेतला तर तो साधा दंडाचा मामला राहत नाही, 'गंभीर उल्लंघन' ठरतो. तीन वर्षांत असे दोन झाले की परवाना 60 दिवस बंद, तीन झाले की 120 दिवस. आता आकडेमोड करून बघा. 55 अधिक 15 म्हणजे 70. पुलाच्या अलीकडे जो माणूस मर्यादेच्या पाच मैल खाली, शहाण्यासारखा 70 ने येत होता, तोच पुलापलीकडे त्याच वेगाने गेला तर रोजीरोटी जाण्याच्या रेषेवर उभा. बाकीच्यांना किरकोळ दंडाच्या वेळी वाहतुकीचा वर्ग करून नोंद लपवता येते. व्यावसायिक परवान्याची नोंद अशी झाकायला केंद्राने राज्यांना बंदी केली आहे.

मग लोक करतात काय? बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी आपल्या गाड्या आतूनच बांधून ठेवल्या आहेत. इंजिनाच्या संगणकात 62, 65 किंवा 68 असा आकडा टाकलेला असतो, त्यावर गाडी जातच नाही. आपल्याकडे ट्रकला जो स्पीड गव्हर्नर असतो तोच प्रकार. अशा ड्रायव्हरला टेक्सासची 85 ची पाटी शोभेची आहे. स्वतःची गाडी असलेले मात्र बहुधा मोकळे असतात, आणि कॅलिफोर्नियात शिरल्यावर बरेच जण 55 च्या थोडं वर, साठीच्या आसपास क्रूझ लावून, म्हणजे वेग आपोआप स्थिर ठेवून, उजव्या पट्टीत राहतात. कायद्याने तेही उल्लंघनच. पण त्यांचा हिशेब असा की पाच-सहा मैलांसाठी अडवलं जाण्याची शक्यता कमी, आणि अडवलंच तर परवाना वाचतो.

डिझेल कोणाचं, वेळ कोणाची

इथे मला सर्वांत जास्त बोलायचं आहे.

अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला मोठ्या प्रमाणावर मैलामागे पैसे मिळतात, तासामागे नाही. त्यात 1938 च्या कामगार कायद्याने आंतरराज्य ट्रकचालकांना जादा कामाच्या दीडपट पगारातून वगळलं, ते आजवर तसंच आहे. म्हणजे हळू चालवल्याचं नुकसान सरळ ड्रायव्हरच्या खिशातून. आणि हळू चालवल्याने वाचलेलं डिझेल? कंपनीची गाडी असेल तर ते कंपनीचं. म्हणूनच मोठ्या कंपन्यांची संघटना, अमेरिकन ट्रकिंग असोसिएशन्स, वेगमर्यादकाच्या बाजूने बोलत आली, आणि स्वतःची गाडी चालवणाऱ्यांची संघटना, ओओआयडीए, कडाडून विरोधात. 2016 मध्ये केंद्राने 60, 65 आणि 68 असे तीन पर्याय मांडून मर्यादकाचा प्रस्ताव आणला होता. नऊ वर्षं तो रखडला आणि जुलै 2025 मध्ये अधिकृतपणे मागे घेतला गेला. शेजारच्या कॅनडात ओंटारियो आणि क्वेबेक प्रांतांनी 2009 पासूनच ताशी 105 किलोमीटरचा मर्यादक सक्तीचा केला आहे, आणि युरोपात जड ट्रक 90 किलोमीटरवर बांधलेले असतात.

स्वतःच्या गाडीचा मालक खरं तर हळू जाऊन नफ्यात राहू शकतो, कारण डिझेलचं बिल त्याचंच. असे ड्रायव्हर आहेतही. ते 58-60 ने निवांत जातात आणि मागचे हॉर्न ऐकून सोडून देतात. पण माल अमुक वाजता पोचलाच पाहिजे असं भाडं घेतलेलं असेल तर त्यांनाही पर्याय राहत नाही.

वेगाच्या पाटीवर रागावणाऱ्या ड्रायव्हरचा राग मला समजतो, पण पाटी ही चुकीची जागा आहे. गोदामात ताटकळण्याच्या तासांचे पैसे मिळाले असते तर 55 ची पाटी एवढी बोचली नसती.

आता डब्याकडे

मावसभावाचा दुसरा प्रश्न. डब्याला इंजिन नाही हे खरं. पण तुम्ही सायकलवर डबलसीट बसलात आणि मागे बसून छत्री उघडलीत, तर घाम कोणाला येतो? पुढच्याला. तुम्ही पायडल मारत नाही म्हणून तुमचा काही संबंध नाही असं म्हणता येईल का?

ट्रेलरचा आकार आणि त्याचे टायर ट्रॅक्टरला किती डिझेल जाळावं लागेल ते ठरवतात. डब्याखाली चाकांच्या मधली जागा मोकळी असते. तिथे हवा शिरून घुसळते आणि गाडीला मागे खेचते. त्यावर उपाय म्हणजे दोन्ही बाजूंना लावलेल्या लांब पट्ट्या. आय-5 वरच्या बहुतेक डब्यांना कमरेखाली जे झालरीसारखं लटकताना दिसतं, ते हे स्कर्ट. काही डब्यांना मागे शेपटीसारखी फळी असते, तिचाही उद्देश तोच. आणि तिसरी गोष्ट, रस्त्यावर कमी दबून सहज घरंगळणारे टायर.

डिसेंबर 2008 मध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने, ज्याला सगळे कार्ब म्हणतात, नियम केला की राज्यात येणारा 53 फुटी बंद डबा अशा साधनांनी सज्ज हवा. साध्या डब्याला वाऱ्याच्या बाबतीत निदान 5 टक्के इंधनबचत दाखवणारं साधन, थंड डब्याला 4 टक्के, आणि वर घरंगळणारे टायर. जुन्या डब्यांना काही वर्षांची सवलत मिळाली. शंभर मैलांच्या टापूतच फिरणाऱ्या किंवा वर्षाला फार कमी पळणाऱ्या गाड्यांना वाऱ्याच्या साधनांतून सूट होती. डबा कुठल्या राज्यात नोंदलेला आहे याला महत्त्व नाही. कॅलिफोर्नियाच्या रस्त्यावर आला की नियम लागू.

पाच टक्के म्हणजे किती? वर्षाला एक लाख मैल पळणारा, गॅलनला साडेसहा मैल देणारा ट्रक वर्षाला 15,000 हून जास्त गॅलन डिझेल जाळतो. त्यातले 5 टक्के म्हणजे सुमारे 770 गॅलन, जवळपास 2,900 लिटर.

एवढा फायदा आहे तर सक्ती कशाला

कोणीही विचारेल, पैसे वाचत असतील तर लोक आपणहून नाही का लावणार? पुष्कळांनी लावलेही. पण सुरुवातीला सांगितलेली गोष्ट आठवा: डबा एकाचा, डिझेल दुसऱ्याचं. पुण्यात भाड्याच्या घरात घरमालकाने जुनाट, वीज खाणारा फ्रीज ठेवलेला असतो. बिल भाडेकरू भरतो, म्हणून घरमालकाला तो बदलायची घाई नसते. ट्रेलरचं नेमकं तसंच आहे. डबा भाड्याने देणारा स्कर्टचा खर्च करणार, आणि बचत ट्रॅक्टरवाल्याच्या टाकीत. बाजारावर सोडलं असतं तर ही गाठ सुटायला फार काळ गेला असता.

ड्रायव्हरांच्या तक्रारी मात्र खोट्या नाहीत. उंचवट्याच्या रेल्वे फाटकावर स्कर्टचा खालचा काठ घासून फाटतो. त्यामागे बर्फ साचतो. ब्रेक तपासायला, डब्याची मागची चाकं पुढेमागे सरकवायला वाकून आत शिरावं लागतं. कागदावर 5 टक्के लिहिणाऱ्या माणसाला पहाटे चारला उणे दहा अंशांत त्या झालरीखाली शिरावं लागत नाही.

न्यायालय म्हणालं, ही गाडीच नव्हे

कॅलिफोर्नियाचं बघून केंद्रानेही 2016 मध्ये देशभरच्या नव्या ट्रेलरना असाच नियम केला. ट्रेलर बनवणाऱ्यांची संघटना न्यायालयात गेली. तिचा मुद्दा अगदी मावसभावाचाच होता. हवेच्या कायद्यात 'मोटार वाहन' म्हणजे स्वतःच्या शक्तीने चालणारं वाहन अशी व्याख्या आहे. ट्रेलर स्वतः चालतो का? नाही. मग पर्यावरण खात्याला त्याच्यावर नियम करण्याचा अधिकारच कुठे आहे?

नोव्हेंबर 2021 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने हा युक्तिवाद मान्य केला आणि केंद्रीय नियमातला ट्रेलरचा भाग रद्द केला. डब्यामुळे जास्त डिझेल जळतं हे शास्त्र न्यायालयाने नाकारलं नव्हतं. कायद्याच्या शब्दांत तो अधिकार बसत नाही एवढंच म्हटलं होतं. शब्दार्थाने निकाल बरोबर असेलही. मला त्याची हळहळ वाटते ती वेगळ्या कारणाने. पायडल मारणाऱ्यावर सगळे नियम आणि छत्री धरणाऱ्यावर एकही नाही, अशी स्थिती त्यातून देशभर कायम राहिली.

ज्या डब्याला खरोखर इंजिन असतं

वरचा सगळा युक्तिवाद एका प्रकारच्या ट्रेलरपुढे गळून पडतो. तो म्हणजे रिफर, थंड डबा. कॅलिफोर्नियातल्या सालिनासच्या खोऱ्यातली लेट्यूसची पानं न्यूयॉर्कला पाच दिवसांनी ताजी पोचतात ती याच्यामुळे. डब्याच्या पुढच्या भिंतीवर जी पेटी दिसते, तिच्यात थंडावा करणारं यंत्र आणि ते चालवायला एक छोटं स्वतंत्र डिझेल इंजिन असतं. लग्नाच्या मंडपामागे धडधडणारा जनरेटर आठवा. ट्रक बंद असला तरी हा चालूच.

आणि मंडपामागच्या घरात राहणाऱ्यांना विचारा त्याचा त्रास. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला फाँटाना, ऑन्टारियो, सॅन बर्नार्डिनो या पट्ट्यात मैलोगणती गोदामं आहेत आणि त्यांना खेटून वस्त्या. गोदामाबाहेर रांगेत उभे असलेले थंड डबे रात्रभर धूर सोडतात. डिझेलच्या धुरातले सूक्ष्म कण विषारी आहेत असं कॅलिफोर्नियाने 1998 मध्येच अधिकृतपणे जाहीर केलं. इंजिन लहान म्हणून धूर थोडा असंही नाही. देशपातळीवर 25 अश्वशक्तीच्या आतल्या इंजिनांना कणांचे नियम बरेच सैल आहेत, आणि या पेट्यांमधली नवी इंजिनं त्या रेषेच्या जेमतेम खाली बसतील अशी बनवली गेली.

कॅलिफोर्नियाने 2004 मध्ये यासाठी वेगळा नियम केला: इंजिन सात वर्षांचं झालं की त्याला कण अडवणारी गाळणी लावा किंवा ते बदला. 2022 मध्ये तो आणखी कडक झाला. राज्यात चालणाऱ्या पेटीची नोंदणी करून तिचा क्रमांक डब्यावर रंगवावा लागतो. थंड डबा गोदामात आला की त्याला विजेच्या प्लगला जोडून डिझेल बंद ठेवता येतं, पण त्यासाठी गोदामाने प्लग पुरवायला हवेत. पुन्हा तेच: खर्च एकाचा, श्वास दुसऱ्याचा.

एका राज्याला एवढा अधिकार कसा

1943 मध्ये लॉस एंजेलिसवर असा पिवळट धूर दाटला की लोकांना शत्रूने विषारी वायू सोडल्याचा संशय आला. डोंगरांनी वेढलेल्या त्या खोऱ्यात धूर अडकून बसतो. देशात हवेचे कायदे होण्याआधीच कॅलिफोर्नियाने स्वतःचे केले होते, म्हणून नव्या वाहनांचे नियम केंद्रानेच करायचे असं ठरलं तेव्हा या एका राज्याला केंद्राच्या परवानगीने जास्त कडक नियम करायची मुभा मिळाली. बाकीची राज्यं ते उचलू शकतात.

जून 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सह्या केलेल्या ठरावांनी अशा तीन परवानग्या रद्द केल्या, त्यांपैकी दोन ट्रकसंबंधी होत्या. कॅलिफोर्निया आणि इतर काही राज्यं त्याच दिवशी न्यायालयात गेली. हे ठराव नव्या ट्रकच्या विक्रीबद्दल होते. जुन्या, रस्त्यावर धावणाऱ्या ट्रकवरचे नियम वेगळ्या खणात येतात. जानेवारी 2023 पासून राज्यात चालणाऱ्या जवळजवळ सगळ्या जड डिझेल गाड्यांचं इंजिन 2010 किंवा नंतरच्या दर्जाचं हवं. आपल्या पीयूसीचा मोठा भाऊ म्हणावा अशी 'क्लीन ट्रक चेक' तपासणीही आहे: वर्षाला सुमारे 30 डॉलर शुल्क आणि 2025 पासून वर्षातून दोनदा इंजिनाच्या संगणकाची किंवा धुराची चाचणी, बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्यांनाही. बाहेरच्यांना ती लावण्यावर केंद्राचा आक्षेप आहे.

यावर ट्रकवाल्यांची उत्तरं तीन. मोठ्या कंपन्या नव्या गाड्या कॅलिफोर्नियाच्या फेऱ्यांना लावतात आणि जुन्या इतर राज्यांत फिरवतात. काही जण सीमेवर डबा सोडून देतात. तिथून पुढे नियमात बसणारा दुसरा ट्रॅक्टर तो नेतो. आणि पुष्कळ छोटे मालक कॅलिफोर्नियाचं भाडं घेतच नाहीत. शेवटची वाट सोपी दिसते, पण देशाची कंटेनरची सर्वांत मोठी बंदरं लॉस एंजेलिस आणि लाँग बीचला आहेत. ते भाडं सोडणं म्हणजे कोकणातल्या माणसाने मुंबईची गिऱ्हाइकं सोडण्यासारखं.

"55 ने जायचं तर स्कर्टचा उपयोग काय?"

हा आक्षेप मला सर्वांत चांगला वाटतो. राज्यच म्हणतं हळू जा, आणि तेच राज्य वेगाला उपयोगी पडणारी झालर लावायला लावतं. हिशेब केला तर 55 ला वाऱ्याचा जोर 70 च्या मानाने 62 टक्के असतो, म्हणजे स्कर्टची बचतही साधारण त्या प्रमाणात उतरते. कमी होते, संपत नाही. शिवाय तोच डबा उरलेले दिवस नेवाडा आणि अॅरिझोनात 70 ने पळत असतो.

"दोन वेग म्हणजे अपघाताला आमंत्रण नाही का?"

ओओआयडीएचं म्हणणं हेच की एका रस्त्यावर सगळे एका वेगाने गेले तर ओव्हरटेकिंग कमी आणि धोका कमी. ज्या राज्यांनी वेग वेगळे ठेवले आणि ज्यांनी एक केले त्यांची तुलना करणारे अभ्यास झाले, पण ठाम कौल कुठल्याच बाजूने लागला नाही. दुसरी बाजू भौतिकशास्त्राची. 75 ने जाणाऱ्या 36 टनांत 55 च्या तुलनेत 1.86 पट ऊर्जा असते, आणि ती सगळी ब्रेकच्या उष्णतेत जिरवावी लागते. बोरघाटात ब्रेक तापून निकामी झालेल्या ट्रकच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. आय-5 वरही लॉस एंजेलिसच्या उत्तरेला ग्रेपव्हाइनचा तसाच लांब उतार आहे. ट्रकला 55 ठेवण्याच्या बाजूने मी झुकतो ते या उतारांमुळे, पण कारला 70 देऊन 15 मैलांची दरी ठेवणं मला पटत नाही. दरी कमी करायची तर कारचा वेग खाली आणायला हवा, आणि ते करायला कुठलंच राज्य तयार होणार नाही.

एसी लावून झोपणंही नियमात बसतं का?

ड्रायव्हर केबिनमध्येच झोपतो. मोहावे वाळवंटात उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो. कॅलिफोर्नियात उभ्या डिझेल ट्रकचं इंजिन पाच मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवता येत नाही, मुख्य अपवाद स्वच्छ इंजिनाचं प्रमाणित स्टिकर असलेल्या गाड्यांचा, तोही घरं आणि शाळांपासून शंभर फूट लांब. स्टिकर नसलेल्या जुन्या गाडीच्या ड्रायव्हरला एसीसाठी वेगळं छोटं यंत्र बसवावं लागतं. ज्याला ते परवडत नाही तो घामाने थबथबलेला, अर्धवट झोपेत दुसऱ्या दिवशी त्या 36 टनांच्या चाकामागे बसतो. झोप झालेला ड्रायव्हर हीसुद्धा रस्त्यावरच्या सगळ्यांची गरज आहे, आणि स्टिकर नसलेल्या गाड्यांना ते यंत्र बसवायला अनुदान मिळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मावसभावाला मी हे सगळं दोन लांबलचक व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं. त्याने परत विचारलं, "मग आता मी काय बघू?" मी म्हटलं, परतीच्या वाटेवर डब्याखालची झालर बघ, फाटलेली असेल तर कुठल्या तरी रेल्वे फाटकाची खूण आहे ती. थंड डब्याच्या अंगावरचा क्रमांक बघ. आणि उजव्या पट्टीत साठीने जाणाऱ्या ट्रकला ओलांडून लगेच त्याच्या पुढ्यात शिरू नकोस. भरलेल्या ट्रकला 60 वरून थांबायला केंद्राच्या ब्रेक चाचणीतसुद्धा 250 फुटांपर्यंत जागा दिलेली आहे, आणि त्याने पुढे मुद्दाम सोडलेली मोकळी जागा त्यासाठीच असते.